नारायणाला ओव्हरटेक

शिरूर, मंगळवार, दि. ५ जून २००७
(सकाळचे पावणेसात, दुकान उघडायला अजून सव्वादोन तास आहेत)

सन्माननीय बापूसाहेब यांस,

सोपानचा शिरूरहून रामराम. साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण साष्टांगात आठ अंगं जमिनीला टेकावी लागतात आणि माझी कंबर सध्या सातच टेकू देते, तेव्हा खोटं कशाला लिहा. तुमचा डावा गुडघा कसा आहे? (उजवा बरा आहे हे मागच्या भेटीत कळलं होतं.) वहिनींची दाढ काढली की ठेवली? दुकानातला तो छताचा पंखा मी सांगितल्याप्रमाणे दोन नंबरवरच चालवताय ना? तीनवर टाकला की त्याचा कपॅसिटर जाईल आणि मग तुम्ही म्हणाल सोपानने केलेलं वाइंडिंगच कच्चं होतं. आमच्याकडे सगळं क्षेम आहे. विहिरी तळाला गेल्यात, मोटारी कोरड्या चालून जळतायत, त्यामुळे दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सौ. सारजाबाईंची तब्येत उत्तम, आवाज त्याहून उत्तम. थोडक्यात सगळ्यांचं बरं आहे, माझं एकट्याचं बरं नाही.

कारण, बापूसाहेब, माझी लाल गाडी जायची वेळ आली आहे. पुढच्या शुक्रवारी, पंधरा तारखेला, धोंड्याचा महिना संपतो, आणि त्याच्या आत ती माझ्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाईल अशी चिन्हं आहेत. हे फोनवर सांगता आलं असतं. पण आमचा फोन हॉलमध्ये आहे, हॉलमध्ये सारजाबाई आहेत, आणि या प्रकरणात सारजाबाई विरुद्ध बाजूला आहेत. मोबाईलवर बोलावं तर मी फार मोठ्याने बोलतो अशी सार्वत्रिक तक्रार आहे. (एकाच वेळी तीन मोटारी टेस्टिंगला चालू असलेल्या दुकानात वीस वर्षं बोललो की कुणीही मोठ्यानेच बोलेल.) म्हणून पत्र. शिवाय तुम्ही नुसते मित्र नाही, आमच्या जावयाचे सख्खे मामा आहात आणि ही सोयरीकही तुम्हीच जुळवलीत. तेव्हा जे झालं त्यात तुमचाही वाटा निघतो. क्रमाने सांगतो, क्रम सोडला की मला लिहिता येत नाही.

गाडी तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही ती फक्त बाहेरून पाहिली आहे. सन २००० चं मॉडेल. सोळाशे सीसी, सोळा व्हॉल्व्ह, पेट्रोल, चौऱ्याण्णव घोडे. (लोक शंभर म्हणतात. शंभर नाहीत, चौऱ्याण्णवच आहेत. उरलेले सहा लोकांच्या तोंडात आहेत.) इथल्या दातांच्या डॉक्टरांकडून मी ती चार वर्षांपूर्वी घेतली. चाव्या देताना डॉक्टर म्हणाले होते, "सोपानराव, गाडी लावून चार पावलं गेल्यावर ज्याची मान आपोआप मागे वळते, त्याचीच ही गाडी. माझी मान आता वळेना झाली म्हणून देतोय." मी त्या दिवसापासून आजपर्यंत, बँकेसमोर, मार्केट यार्डात, दहाव्याच्या कार्यक्रमाला गेलो तरी, गाडी लावून एकदा वळून पाहतोच. सारजाबाई म्हणतात, "लग्नाला अठ्ठावीस वर्सं झाली, माझ्याकडं कवा असं वळून बघितलं न्हाई." त्यांचा हिशेब चुकतो, सत्तावीस झाली आहेत.

आणि घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी मी तिचं इंजिन उतरवलं. पुण्याच्या एका गॅरेजवाल्याने पाहून सांगितलं होतं की काका, हे आता जमायचं नाही, विकून टाका. मला 'जमायचं नाही' हा शब्द चालत नाही. मी दहावीला इंग्रजीत एकोणीस मार्क मिळवलेला माणूस. जुन्या बाजारातून तिचं इंग्रजी मॅन्युअल आणलं, एका बाजूला मॅन्युअल, दुसऱ्या बाजूला शब्दकोश, मधे इंजिन, आणि पडवीत अकरा महिने काढले. रोज रात्री जेवण झाल्यावर दोन पानं. काही शब्द शब्दकोशातही नव्हते, ते इंजिनाकडे बघून समजून घेतले. पुन्हा जोडलं तेव्हा पहिल्या चावीला चालू झालं आणि एकही बोल्ट शिल्लक राहिला नाही. (एक राहिला होता. तो आमच्या शिलाई मशीनचा निघाला.) आता ज्या गाडीचा प्रत्येक बोल्ट आपल्या हाताने आवळलाय, तिला कुणी म्हातारी म्हटलं तर कसं लागेल, सांगा.

म्हटलं कुणी? तर तुमच्या भाच्याने. सत्यजीत मुलगा गुणी आहे, कुरकुंभच्या कंपनीत त्याला सगळे मानतात, आमच्या सुलक्षणाला सुखात ठेवलंय, याबद्दल माझी तक्रार शून्य. पण आठ महिन्यांपूर्वी त्याने ती चंदेरी डिझेल घेतली, तेराशे सीसी, टर्बोवाली, आणि तेव्हापासून त्याच्या बोलण्यात अॅव्हरेज हा शब्द फार यायला लागला. माणूस तब्येत विचारतो तसं हा मला भेटला की विचारतो, "मामा, किती देते?" (आपल्याकडे सासऱ्यालाही मामाच म्हणतात, नाहीतर या पत्रात तुमचा गोंधळ व्हायचा.) मी डायरी ठेवतो. अकरा पूर्णांक चार देते. तो म्हणतो माझी एकोणीस देते, आणि खिशातलं ते बटण दाबून गाडीला टुकटुक करायला लावतो आणि चालू लागतो. एकदाही वळून बघत नाही. मी आठ महिने पाहतोय.

तर मे महिन्यात धोंड्याचं आमंत्रण द्यायला मी फोन केला, की पहिलाच धोंडा आहे, रविवारी तीन तारखेला मी स्वतः दौंडला न्यायला येतो. त्यावर तो म्हणाला, "मामा, तुम्ही कशाला म्हातारीला दमवता? आम्ही येतो ना आपल्या डिझेलमधून."

मला आधी वाटलं म्हातारी म्हणजे सारजाबाई. तेही मी एकवेळ सहन केलं असतं.

त्याच रात्री मी एक तक्ता आखला. शर्यत हा शब्द मी वापरलेला नाही, तुम्हीही वापरू नका. शास्त्रीय तुलना. जुनी पेट्रोल गाडी नव्या डिझेलची बरोबरी करू शकते की नाही, यावर चहाच्या टपरीवर बोलणारे पुष्कळ आहेत, मोजणारा कुणी नाही. सात रकाने केले: वेळ, ओढ, चढावरची ताकद, ब्रेक, आवाज, गारवा, आणि कंपन. कंपन मोजायचं कसं याचा दोन दिवस विचार केला. मग सुचलं. अनारसे! सारजाबाईंच्या थोरल्या बहिणीचे, दौंडच्या धुरपदाबाईंचे अनारसे तुम्ही खाल्लेच आहेत. हात लागला तरी भुगा. वाणाचे तेहेतीस अनारसे तिच्याकडूनच आणायचे ठरले होते. ते दोन डब्यांत, दोन गाड्यांत ठेवायचे आणि घरी आल्यावर मोडलेले मोजायचे. तेहेतीसचे सारखे दोन भाग होत नाहीत ही अडचण होती, म्हणून सतरा लाल गाडीत आणि सोळा डिझेलमध्ये घेतले, म्हणजे माझ्यावर एक अनारसा जास्तीचा धोका. पक्षपाताचा आरोप नको.

रविवारी सकाळी आठ बावीसला दौंड सोडलं. पुढे डिझेलमध्ये सत्यजीत आणि सुलक्षणा, मागे लाल गाडीत मी आणि सारजाबाई. रस्ता ठरलेला: पाटस, चौफुला, केडगाव, पारगाव, न्हावरे, शिरूर. पाटसच्या पुढे हायवे लागल्यावर समोर मोकळा रस्ता दिसला, मी तिसरा गिअर टाकला, इंजिन साडेचार हजार आरपीएमवर जाऊन गायला लागलं, हॉर्नवर हात ठेवला, इंडिकेटर दिला, आणि सारजाबाईंनी माझा हात धरला.

"काय करताय?"

"पुढं काढतोय."

"कुणाच्या पुढं? धोंड्याचा म्हैना हाय. जावई म्हंजी नारायण. आत्ता घरी जाऊन त्याचं पाय धुवायचं हायेत आन् तुम्ही त्येला हॉर्न मारून धूळ चारताय व्हय?"

मी म्हणालो, डांबरी रस्ता आहे, धूळ नाही. त्या म्हणाल्या, "नारायणाला ओव्हरटेक करायचं न्हाई म्हंजी न्हाई." आणि हँडब्रेकवर हात ठेवून बसल्या. बापूसाहेब, चालत्या गाडीत हँडब्रेक ओढला तर काय होतं हे मला मॅन्युअलवरून माहीत आहे, त्यांना माहीत नाही, आणि म्हणूनच त्या ओढतील अशी मला खात्री होती. मी मागे राहिलो.

आता यातली खरी गंमत ऐका. तिकडे पुढच्या गाडीत तुमचा भाचा, संस्कारी मुलगा, त्याला वाटलं की सासरे मागे पडतायत तर आपण पुढे निघून जाणं बरं दिसत नाही. त्याने स्पीड ऐंशीवरून साठवर आणला. तो साठवर आला म्हणून मी पंचावन्नवर आलो. त्याने आरशात बघितलं, मी आणखी मागे, म्हणून तो पन्नासवर आला. चौऱ्याण्णव घोडे आणि त्याचे पंचाहत्तर, असे एकूण एकशे एकोणसत्तर घोडे सोलापूर हायवेवर एकमेकांच्या मानापोटी बैलगाडीच्या चालीने चालले होते. आधी दुधाचा टेम्पो पुढे गेला. मग लुनावर एक आजोबा गेले, मागे आजी, आजींच्या मांडीवर कोंबडी. कोंबडीने माझ्याकडे पाहिलं, ते मी विसरणार नाही.

मग सत्यजीतने खिडकीतून हात काढून 'या पुढे' अशी खूण केली. मी खिडकीतून हात काढून 'नको, तुम्ही चला' अशी खूण केली. त्याने गाडी कडेला घेऊन थांबवली, मला वाट द्यायला. नारायण थांबलेला असताना पुढे गेलं तर चालतं का, असं मी विचारलं. सारजाबाई म्हणाल्या की थांबलेल्याच्या पुढं जाणं तर त्याहून वाईट. मग मीही त्याच्या मागे थांबलो. त्याला वाटलं मला काही अडचण आहे. तो उतरून येईल म्हणून मी हाताने 'काही नाही, चला' सांगितलं. असे आम्ही चौफुल्यापर्यंत चार वेळा थांबलो. चौथ्या वेळी एका रसवंतीवाल्याने दोन्ही गाड्यांना रसाचे ग्लास आणून दिले, त्याला वाटलं गिऱ्हाईक आहे. पस्तीस मिनिटांच्या रस्त्याला एक तास सात मिनिटं लागली. तक्त्यातला वेळेचा रकाना मी रिकामा ठेवला.

केडगावला रेल्वेचं फाटक बंद होतं. सगळे खाली उतरलो. सत्यजीत लगबगीने माझ्याकडे आला, चेहरा अगदी काळजीचा, आणि हळूच म्हणाला, "मामा, लाजू नका. गरम होतीये का? टोचन करून नेऊ आपण, माझ्याकडं दोरी आहे."

दोरी! माझ्या गाडीला! बापूसाहेब, त्या फाटकावर मालगाडी जात होती, तिचे डबे मी मोजले, अठ्ठावन्न, आणि अठ्ठावन्नाव्या डब्यानंतर मला बोलता आलं. मी त्याला सगळं सांगितलं: नारायण, हँडब्रेक, तक्ता, म्हातारी हा शब्द, सगळं. सुलक्षणा पोट धरून हसत होती. सत्यजीतचे कान लाल झाले. तो म्हणाला, "अहो, मी म्हातारी प्रेमानं म्हणालो होतो." मी म्हणालो, प्रेमाचा रकाना नाही.

तोडगा काढला आमच्या सुलक्षणाने. (मुलगी माझ्यावर गेली आहे.) म्हणाली, "आई, नारायण पुढंच पाहिजे ना? मग नारायणाला लाल गाडीत बसव. आप्पा, तुम्ही आमची घ्या." सारजाबाईंनी याला शास्त्रात काही अडथळा सापडतो का म्हणून बराच वेळ वर बघितलं. सापडला नाही. अनारशांचे डबे जागेवरच ठेवले, माणसं बदलली. मी सत्यजीतच्या हातात चावी दिली. माझ्याशिवाय चार वर्षांत ती चावी दुसऱ्या कुणी फिरवलेली नव्हती. मी सांगितलं, तीन हजारांच्या खाली तिला काही विचारू नका, ती उत्तर देत नाही. चार हजारांच्या पुढे विचारा, मग बघा. आणि पारगावच्या पुलापासून तुलना सुरू.

पुलापासून पुढचं मी मागून पाहिलं. लाल गाडी आधी थोडी बिचकल्यासारखी गेली, गिअर चुकला. मग एकदम तिने खालचा गिअर घेतला आणि तो आवाज आला. बापूसाहेब, तो आवाज मी नेहमी आतून ऐकलेला, बाहेरून पहिल्यांदा ऐकला. आपली मुलगी शाळेच्या गॅदरिंगमध्ये गाते तेव्हा स्टेजसमोर बसून ऐकावं तसं वाटलं. पुढच्या वळणाला लाल ठिपका उरला, त्याच्या पुढच्याला तोही नाही.

आता मी बसलो होतो त्या डिझेलबद्दल लिहिणं भाग आहे, तक्त्याची मागणी आहे म्हणून. मला विशेष काही वाटलं नाही. खालच्या अंगाला ती जरा आळशी आहे, आणि मग अठराशे आरपीएमला मागून कुणीतरी पाठीला हात लावून ढकलावं तशी जाते. (हात मऊ आहे, हे मान्य केलं पाहिजे.) न्हावऱ्याच्या अलीकडे तो चढ आहे, तिथे लाल गाडीत मी न चुकता तिसरा घेतो, हिला चौथ्यातच ठेवली, ती कुरकुर न करता चढली. मी परत मागे जाऊन पुन्हा चढून पाहिलं, शास्त्रीय खात्रीसाठी. तेव्हाही चढली. एसी असा की माझी कंबर दुखायची थांबली. आणि सारजाबाई, ज्या लाल गाडीत बसल्या की भांडी वाजतायत म्हणून शिरूरपर्यंत बडबडतात, त्या पारगाव सोडल्यावर पाच मिनिटांत झोपल्या. झोपेत हँडब्रेकवरचा हातही निघाला. एवढंच. बाकी विशेष काही नाही.

निकाल. शिरूरला दारात लाल गाडी माझ्या आधी पाच मिनिटं दहा सेकंद पोचली. चढ दोनदा चढल्याची तीन मिनिटं वीस सेकंद वजा केली, तर एक मिनिट पन्नास सेकंद. म्हणजे सन २००० ची पेट्रोल सन २००६ च्या डिझेलला भारी पडली हे सिद्ध झालं. मी जिंकलो. फक्त जिंकलेल्या गाडीत मी नव्हतो, हरलेल्या गाडीत होतो, ही एक किरकोळ बाब आहे. कंपनाचा निकाल मात्र लागला नाही. डिझेलमधले सोळाच्या सोळा अनारसे शाबूत होते. लाल गाडीतल्या सतरांपैकी पंधराच निघाले. मोडलेला तुकडाही नाही. चौकशीत सुलक्षणाने कबुली दिली की न्हावऱ्याला लाल गाडीने एका जीपला मागे टाकलं त्या आनंदात दोघांनी एकेक खाल्ला. तेहेतीसची भरती सारजाबाईंनी दोन बत्तासे घालून केली.

इथे पत्र संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

दुपारी पाटावर दोघांना बसवलं. पाय धुतले, कुंकू लावलं, दिवा ओवाळला, अनारशांचं ताट दिलं, कपडे दिले. मी तर त्या दिवशी विजयाच्या धुंदीत होतो. आणि रीत आहे ना, सासऱ्याने विचारायचं की जावईबापू, आणखी मनात काय असेल ते मागा, आणि जावयाने म्हणायचं की काही नको, तुमचा आशीर्वाद असू द्या. मी माझ्या सासऱ्यांना तसंच म्हणालो होतो. तुम्हीही तुमच्या सासऱ्यांना तसंच म्हणाला असाल. आजवर आपल्या भागात कुणी काही मागितल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. मी छाती काढून, चार शेजारी ऐकतील अशा आवाजात (म्हणजे नेहमीच्या), म्हणालो, "मागा जावईबापू, जे मनात असेल ते मागा!"

सत्यजीत खाली मान घालून बसला होता. पायाच्या अंगठ्याने पाट उकरत म्हणाला, "मामा, देणारच असाल तर... ती लाल गाडी."

आणि मी श्वास घ्यायच्या आत सारजाबाई हातातला दिवा खाली न ठेवता म्हणाल्या, "दिली!"

माझ्या सोळा व्हॉल्व्हपैकी एकही एवढ्या वेगाने उघडत नाही. त्यांचं कारण मला माहीत आहे. अंगणातली जिथे ऊन पडतं ती जागा गाडीने व्यापली आहे आणि चार उन्हाळे त्यांच्या कुरडया शेजारच्या रंगुबाईंच्या गच्चीवर वाळतायत. सत्यजीतने माझा चेहरा पाहिला असावा. म्हणाला, "मामा, घाई नाही. महिना संपेपर्यंत सांगा." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, म्हटलं पुरण गार होतंय. धोंड्याच्या महिन्यात नारायणाने स्वतः मागितलेली वस्तू नाही म्हणायची कशी? आणि पडवीत अकरा महिने बसून जोडलेलं इंजिन दुसऱ्याच्या हातात द्यायचं कसं, बापूसाहेब? त्या अकरा महिन्यांत मला पहिल्यांदा कळलं होतं की एकोणीस मार्कांच्या माणसालाही एक जाड इंग्रजी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचता येतं. हे मी कुणाला बोललेलो नाही. तुम्हीही बोलू नका.

असो. वहिनींना नमस्कार सांगा. दाढ काढली असेल तर त्या बाजूने चावू नये. पंखा दोनवर.

तुमचा,
सोपान

ता. क. १: मुद्द्याचं राहिलंच. सत्यजीत तुमचा शब्द खाली पडू देत नाही. तेव्हा तो भेटेल तेव्हा सहज विषय काढून त्याला पटवा की जुन्या पेट्रोल गाडीला नव्या डिझेलची सर येणं शक्य नाही. अकरा पूर्णांक चार म्हणजे गाडी नव्हे, मोरी आहे, असं म्हणा. पार्ट मिळत नाहीत म्हणा. चढावर तिसरा घ्यावा लागतो हे सांगा. भांडी वाजतात हे सारजाबाईंच्या नावावर सांगा. वर मी जे लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे, पण तुम्ही कृपया त्याच्या नेमकं उलट बोला. मला ते स्वतःच्या तोंडाने बोलवणार नाही, म्हणून तुम्हाला त्रास.

ता. क. २: आणि समजा नाहीच पटलं त्याला, तर एक गोष्ट हळूच काढून बघा. लाल गाडी दौंडला गेली तर तिथे दारात दोन गाड्या होतील, आणि उभ्या गाडीची बॅटरी उतरते. अशा वेळी डिझेल इकडे शिरूरला कुणा जाणकार माणसाकडे असलेली बरी की काय, एवढंच. हे माझं म्हणणं नाही, बॅटरीच्या दृष्टीने बोलतोय. पाटावर मागायची रीत जावयाला आहे, सासऱ्याला नाही, म्हणून तुमच्यामार्फत. (कुरडयांचा प्रश्न त्याने सुटत नाही, पण सारजाबाई तिच्यात झोपतात.)

ता. क. ३: पोस्टाने पाठवणार होतो, पण सत्यजीत आज तुमच्या पाया पडायला कोरेगाव भीमाला यायचं म्हणतोय, चालवून बघायला म्हणून लाल गाडीच मागितली आहे, आणि मी दिली. तेव्हा हे पत्र त्याच्याच खिशातून येईल. पाकीट डिंकाने नव्हे, वाइंडिंगच्या व्हार्निशने चिकटवलं आहे, ते विस्तवाशिवाय सुटत नाही, कापूनच उघडा. म्हणजे तुम्ही हे वाचाल तेव्हा तो तुमच्यासमोर चहा पीत बसलेला असेल आणि तुमचं काम झालेलं असेल. कोणतं काम, ते आत्ता सांगतो. तुमच्या दुकानाच्या ओट्यावरून रस्ता स्वच्छ दिसतो. तुम्हाला त्याने गाडी लावलेली दिसली असेल. रविवारी मी मागे होतो, माझं बघायचं राहून गेलं. आठवून सांगा: गाडीपासून तुमच्या ओट्यापर्यंत वीस पावलं आहेत, त्या वीस पावलांत त्याने मान मागे वळवली का?

नसेल वळवली, तर पहिला ताजा कलम पुन्हा नीट वाचा आणि लगेच सुरुवात करा.

वळवली असेल, तर तो ताजा कलम फाडून टाका, सत्यजीतला काही कळू देऊ नका, आणि माझ्यातर्फे एवढंच सांगा की थंडीच्या दिवसांत चावी फिरवली की लगेच स्टार्टर मारायचा नाही. पेट्रोलचा पंप भरेपर्यंत मनात तीन मोजायचे. (दोन नव्हे. तीन.)